सर्व्हो मोठा घेतला, तरी चाक वळेना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. १/१० मापाचा, रिमोटवर चालणारा फोर व्हील ड्राइव्ह ट्रेल ट्रक आहे. मूळ सर्व्हो, म्हणजे स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर, प्लास्टिक गिअरचा होता. तुम्ही पुढे जाड, मोठे टायर आणि पितळी नकल (चाक वळवणारे सांधे) बसवलेत, चाकं बाहेर काढायला रुंद हेक्सही (चाक ॲक्सलला जोडणारे षटकोनी तुकडे) घातलेत. त्यानंतर दगडात अडकलेलं पुढचं चाक वळेनासं झालं, म्हणून २५ किलोचा मेटल गिअर सर्व्हो आणला आणि तो जुन्याच सर्व्हो सेव्हरवर (धक्का जिरवणाऱ्या स्प्रिंगच्या जोडतुकड्यावर) चढवला. आता सपाट जमिनीवर स्टिअरिंग झकास, पण दगडात पुन्हा तेच. सर्व्हो घुंऽऽ करत राहतो, चाक हलत नाही आणि मध्येच ट्रक एक-दोन सेकंद पूर्ण मेल्यासारखा होतो, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो, मग परत सुरू होतो. ३५ किंवा ४० किलोचा घेऊ का, सेव्हर काढून टाकू का आणि जुन्या सर्व्होचं काय करू, हे तुमचे तीन प्रश्न.

४० किलोचा आत्ता घेऊ नका. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. चाक न वळणं ही एक, ट्रक मरणं ही दुसरी. मोठ्या सर्व्होने पहिली सुटेल याची खात्री नाही. दुसरी मात्र नक्की वाढेल. माझ्याकडे अशा तक्रारीचे ट्रक येतात तेव्हा मी सर्व्होला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी त्याला मिळणारी वीज बघतो, मग त्याच्यापासून चाकापर्यंतचे सांधे, मग ट्रान्समीटरमधली सेटिंग. या तिन्हींत काही सापडलं नाही असं क्वचितच होतं.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. २५ किलो म्हणजे २५ किलो-सेंटीमीटर. शाफ्टच्या मध्यापासून १ सेंमी अंतरावर २५ किलोचं वजन जेमतेम तोलून धरता येईल इतका जोर. हॉर्नचं (शाफ्टवर बसणाऱ्या पट्टीचं) भोक मध्यापासून २.५ सेंमीवर असेल तर लिंकवर (चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) पोहोचतात १० किलो. त्यातही हा आकडा स्टॉलचा आहे, म्हणजे मोटर जागच्या जागी अडकून पूर्ण ताकद लावत असतानाचा. तिथे सर्व्होने आरामात काम करत राहावं अशी अपेक्षाच नसते. आणि तिसरी गोष्ट, जी जाहिरातीत बारीक अक्षरात असते: हा जोर किती व्होल्टवर? बहुतेक वेळा तो सर्व्होला चालणाऱ्या सर्वांत जास्त व्होल्टेजवरचा असतो, ७.४ किंवा ८.४. सर्व्होसोबतच्या तक्त्यात ६ व्होल्टची ओळ शोधा, तिथला आकडा खाली उतरलेला दिसेल. तुमच्या ट्रकमध्ये सर्व्होला ५ किंवा ६ व्होल्टच मिळत असतील आणि लोड आल्यावर तेही खाली घसरत असतील, तर २५ किलोचा सर्व्हो तुमच्याकडे कधी आलाच नाही असं समजा. तो कमजोर नाही, उपाशी आहे.

म्हणून आधी वीज.

रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवतो तो ईएससीच्या (मुख्य मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) आतला बीईसी. तो बॅटरीचं व्होल्टेज उतरवून ५ किंवा ६ व्होल्ट करतो. ट्रकसोबत येणाऱ्या साध्या ईएससीमध्ये तो बहुधा २-३ अँपियरचा असतो, कारण मूळ प्लास्टिक गिअरच्या सर्व्होला तेवढं पुरतं. मोठा सर्व्हो अडकला की मात्र ४-५ अँपियर सहज मागतो, काही त्याहून जास्त. मोटर फिरत असताना कमी आणि थांबलेली असताना सर्वांत जास्त करंट ओढते. दगडात चाक अडकणं म्हणजे नेमकी तीच अवस्था. बीईसीला ते झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि त्याच तारेवर असलेला रिसीव्हर बंद पडतो. चाक सुटून व्होल्टेज परत आलं की २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर ट्रान्समीटरशी पुन्हा जोडला जाईपर्यंत थोडा वेळ जातो. तुम्हाला दिसणारे ते एक-दोन सेकंद हेच. याला ब्राउनआउट म्हणतात.

पण ट्रक थांबला की तो ब्राउनआउटच असेल असं नाही, त्यामुळे खात्री करून घ्या. लिपो बॅटरीचं व्होल्टेज कमी झाल्यावर ईएससी स्वतःहून थ्रॉटल तोडतो, किंवा गरम झाल्यावर तोडतो. या दोन्ही वेळी स्टिअरिंग चालू राहतं. म्हणजे पुढच्या वेळी ट्रक मेला की लगेच स्टिअरिंग हलवून बघा. चाकं हलली तर बॅटरी किंवा तापमान बघा. स्टिअरिंगही मेलं असेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर बीईसी. तुमच्या वर्णनावरून मला बीईसीच वाटतोय, तरी हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या; फुकटची तपासणी आहे.

मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं करता येईल. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलमध्ये सर्व्होची एखादी जुनी वायर खोचा आणि तिच्या लाल-काळ्या टोकांवर व्होल्ट मोजा. ट्रक खरखरीत जमिनीवर उभा करा, पुढे वजन द्या, स्टिअरिंग एका टोकाला नेऊन क्षणभर धरा. ६.० चा आकडा ५.५ च्या आसपास राहिला तर ठीक. ५ च्या खाली जाऊन थरथरायला लागला तर बीईसी दमलाय. इथे एक खोच आहे. साधा मल्टिमीटर हळू असतो, क्षणिक घसरण त्याला दिसतच नाही. म्हणजे मीटरने ४.८ दाखवलं तर प्रत्यक्षात मधूनमधून त्याहून बरंच खाली जात असणार. मीटरमध्ये मिनिमम पकडून ठेवायची सोय असेल तर ती वापरा. ट्रान्समीटर टेलिमेट्रीचा असेल तर रिसीव्हर व्होल्टेज तिथेच दिसेल, सतर्कतेचा अलार्मही लावता येईल.

तुम्ही २एसवरून (दोन सेलच्या बॅटरीवरून) ३एसवर (तीन सेलच्या) गेला आहात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेला असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. स्वस्त ईएससीतला बीईसी लिनियर असेल तर जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो. पूर्ण चार्ज २एस म्हणजे ८.४ व्होल्ट. त्यातून ५ व्होल्ट काढताना १ अँपियरला ३.४ वॉट उष्णता होते. ३एसचे १२.६ व्होल्ट असतील तर त्याच १ अँपियरला ७.६ वॉट. म्हणजे बॅटरी मोठी केली आणि सर्व्होसाठीची वीज उलट आटली. स्विचिंग बीईसीत हा त्रास फारसा नसतो.

उपाय कुठला, हे ईएससीवर अवलंबून आहे. काही ईएससीत बीईसीचं व्होल्टेज जंपरने किंवा प्रोग्रॅम कार्डने ६ वरून ७.४ करता येतं आणि त्याची अँपियर क्षमताही चांगली असते. तुमचा त्यातला असेल तर काम तिथेच संपलं. मात्र रिसीव्हरला तेवढं व्होल्टेज चालतं का, आणि त्या तारेवर दुसरं काही लावलंय का, म्हणजे लाइट किट किंवा जुना सर्व्हो, ते आधी बघा. ६ व्होल्टचा मायक्रो सर्व्हो ७.४ वर फार दिवस काढत नाही.

तसं नसेल तर बाहेरचा स्विचिंग बीईसी घ्या. त्याची सलग चालवण्याची क्षमता तुमच्या सर्व्होच्या स्टॉल करंटपेक्षा जास्त असावी. वेष्टनावरचा मोठा ठळक आकडा बऱ्याचदा क्षणिक क्षमतेचा असतो. जोडायच्या रीती दोन. पहिली: बाहेरचा बीईसी रिसीव्हरच्या बॅटरी पोर्टात लावायचा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर पिन हलकेच उचलून बाहेर काढायची, तिच्या टोकाला हीट श्रिंक लावायचं. लाल वायर न काढता दोन बीईसी एकाच तारेवर सोडले तर ते एकमेकांना ढकलत बसतात. ते चालून गेल्याचं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. दुसरी रीत मला जास्त आवडते: रिसीव्हर ईएससीच्या बीईसीवरच राहू द्यायचा आणि बाहेरच्या बीईसीची वीज थेट सर्व्होला द्यायची. रिसीव्हरकडून सर्व्होला फक्त सिग्नल आणि काळी वायर येते, लाल येत नाही. काळी मात्र हवीच. ग्राउंड सामाईक नसेल तर सर्व्होला सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा ते कळत नाही आणि तो वेड्यासारखा नाचतो. या जोडणीचा फायदा असा की सर्व्होने कितीही ओढलं तरी रिसीव्हरच्या ताटातलं कमी होत नाही. शिवाय मोठा करंट रिसीव्हरच्या बारीक पिनांमधून जात नाही.

थेट २एसवर चालणारे सर्व्होही मिळतात, त्यात बीईसीच नको. पण सर्व्होवर ८.४ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘७.४’ एवढंच असेल तर नको, कारण चार्जरवरून काढलेली २एस बॅटरी ८.४ असते. असा सर्व्हो ३एसवर थेट कधीच जोडू नका.

रिसीव्हरमध्ये खोचायचे कपॅसिटर मिळतात, तेही कुणीतरी सुचवेलच. क्षणभराच्या धक्क्याला ते खरंच उपयोगी आहेत. उडी मारून जमिनीवर आदळणाऱ्या ट्रकमध्ये मी लावतो. पण दगडात चाक दाबून धरलंय आणि सर्व्हो दोन सेकंद स्टॉलमध्ये आहे, तिथे कपॅसिटर कधीच रिकामा झालेला असतो. तुमच्या कामाचा नाही.

वीज झाली. आता चाकापर्यंतचे सांधे, आणि इथे घाई करू नका, कारण तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर बहुधा इथे आहे.

ट्रक चालू करा म्हणजे सर्व्हो आपली जागा धरून बसेल. चाकं सरळ ठेवून ट्रक टेबलावर ठेवा. एका हाताने पुढचं चाक पुढून-मागून धरा आणि डावीकडे-उजवीकडे दाबा, जोर हळूहळू वाढवत. डोळे चाकावर ठेवू नका, सर्व्होवर ठेवा. आधी काय हलतं? सेव्हरचे दोन भाग एकमेकांपासून उघडताना दिसतील: खालचा, शाफ्टला बसलेला भाग स्थिर आणि वरचा, लिंक लावलेला भाग वळतोय. तुमच्या ट्रकमध्ये हे दिसणार, मी जवळपास खात्रीने सांगतो. मूळ सेव्हरची स्प्रिंग मूळ सर्व्होचे प्लास्टिक गिअर वाचवायला बनवलेली असते. ती ५-६ किलोला उघडत असेल, तर त्याच्या खाली २५ चा सर्व्हो असो की ४० चा, चाकाला मिळणार ते ५-६ च. बाकीचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. सपाट जमिनीवर तेवढा जोर पुरतो, म्हणून तिथे तुम्हाला सगळं झकास वाटतंय.

सेव्हर काढायचा का, हे ट्रक कसा चालवता त्यावर आहे. तुमचा ट्रेल ट्रक आहे, दगडांत चालीच्या वेगाने जातो, तेव्हा काढा आणि थेट ॲल्युमिनिअमचा हॉर्न लावा. हाच प्रश्न उड्या मारणाऱ्या मॉन्स्टर ट्रकबद्दल असता तर मी ‘ठेवा, पण कडक स्प्रिंगचा घ्या’ म्हटलं असतं. तिथे वेगात खांबाला चाक घासलं की तो धक्का कुठेतरी जिरायला लागतो. सेव्हर नसेल तर गिअरचा दात जातो. गिअर पोलादी असतील तर ते वाचतात आणि नकल, लिंकचं टोक किंवा सर्व्हो माउंट तुटतं.

हॉर्न घेताना दात मोजा. फुताबा, सॅव्हॉक्स आणि बाजारातल्या बहुतांश मोठ्या सर्व्होंचा शाफ्ट २५ दातांचा असतो. हायटेकच्या बऱ्याच सर्व्होंचा २४, सान्वा, केओ आणि जेआर यांचा २३. २४ दातांचा हॉर्न २५ च्या शाफ्टवर जोर करून बसवला की बसल्यासारखा वाटतो, आणि एके दिवशी दगडातच गोल फिरतो. क्लॅम्पचा, म्हणजे बाजूने स्क्रूने आवळायचा हॉर्न घेतलात तर उत्तम. मधल्या स्क्रूची लांबीही बघा. स्क्रू जास्त लांब असेल तर तो शाफ्टच्या तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि हॉर्न मात्र सैलच राहतो. धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे. प्लास्टिकला तो लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

हॉर्नची लांबी हा फुकटचा गिअर आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. २.५ सेंमीच्या भोकाऐवजी १.८ सेंमीचं भोक वापरलं तर त्याच २५ किलोच्या सर्व्होतून लिंकवर १० ऐवजी जवळपास १४ किलो मिळतात. बदल्यात लिंकची हालचाल कमी होते. हॉर्न दोन्ही बाजूंना ४५ अंश फिरला तर २.५ सेंमीवर लिंक प्रत्येक बाजूला सुमारे १७.७ मिमी सरकते, १.८ वर सुमारे १२.७ मिमी. तेवढ्यात चाक पूर्ण वळत असेल तर आतलं भोकच वापरा. पूर्ण वळत नसेल तर ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट (सर्व्हो त्या बाजूला किती फिरेल त्याची मर्यादा) वाढवून बघा, बऱ्याच सर्व्होंत ४५ अंशांच्या पलीकडे जागा असते. माझं मत सांगायचं तर चाक पूर्ण वळेल इतपतच लांब हॉर्न ठेवावा, एक मिलिमीटर जास्त नाही.

सेव्हर गेल्यावर तीच चाक दाबायची तपासणी पुन्हा करा. आता पुढचा कच्चा दुवा दिसेल. सर्व्हो स्वतःच माउंटमध्ये तिरका होतोय का बघा. विमानांसाठीचे रबरी ग्रोमेट सर्व्होच्या कानांत घातलेले असतील तर काढून टाका, ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये ते फक्त हालचाल खातात. प्लास्टिकचं माउंट वाकत असेल तर धातूचं लावा. मग लिंकच्या बॉल जॉइंटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मग नकलमधल्या बुशचा (बेअरिंगच्या जागी असलेल्या साध्या कड्याचा). बुशच्या जागी बॉल बेअरिंग घातले की प्ले जातोच, शिवाय घर्षणही कमी होतं.

त्यानंतर उलट बाजूची तपासणी, जी जवळजवळ कोणी करत नाही. ट्रक बंद करा, लिंक हॉर्नपासून सोडा, पुढची चाकं अधांतरी ठेवा आणि नकल बोटाने टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कुठेही न अडकता फिरायला हवी. तुम्ही पितळी नकल लावल्यात, आणि त्या बसवताना किंगपिनचे (नकल ज्याभोवती वळते त्या खिळीचे) स्क्रू करकचून आवळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पाव फेरी सैल केल्यावर नकल मोकळी झाली तर सर्व्हो एवढे दिवस स्वतःच्याच ट्रकशी लढत होता. शेवटच्या काही अंशांतच अडत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट त्याच्या मर्यादेला पोहोचलाय. चाक हाताने फिरवत नकल वळवली की त्या कोनात खटखट जाणवते. तिथे कितीही ताकदीचा सर्व्हो लावला तरी जॉइंटच तुटणार, त्यामुळे तेवढा कोन सोडून द्यायचा.

आता रुंद हेक्स. सगळा दोष मोठ्या टायरला दिला जातो, पण माझ्या अनुभवात रुंद हेक्स किंवा बाहेर काढणारे रिम स्टिअरिंगवर जास्त बोजा टाकतात. चाक किंगपिनच्या अक्षाभोवती वळतं. टायर जमिनीला टेकतो ती जागा त्या अक्षापासून जितकी बाहेर, तितका त्या चाकाला अडवणाऱ्या दगडाचा हात लांब. हेक्सने प्रत्येक चाक ६-८ मिमी बाहेर गेलं की टायर जागच्या जागी वळायचा सोडून अर्धवर्तुळात ओढला जातो. त्यात तुमच्या ट्रकचा पुढचा डिफरन्शियल लॉक असणार, ट्रेल ट्रकमध्ये बहुधा असतोच. मग दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरायला बांधलेली आणि वळताना एक घासतंच. नवा सर्व्हो घेण्याआधी मूळ हेक्स एकदा परत लावून त्याच दगडावर जाऊन बघा. रुंदीमुळे ट्रक आडवा कमी पडतो हे मला मान्य आहे, तेव्हा रुंद ठेवायचे की नाही हा तुमच्या आवडीचा भाग. फक्त त्याची किंमत सर्व्हो मोजतोय हे माहीत असावं.

तुमचा सर्व्हो चासीवर आहे की ॲक्सलवर, ते कळलं नाही. ॲक्सलवर असेल तर पुढचा भाग सोडून द्या. चासीवर असेल तर ड्रॅग लिंक (सर्व्होपासून नकलकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) बाजूने बघा. दोन्ही शक्यतो समांतर आणि सारख्या लांबीचे हवेत. नसतील तर सस्पेन्शन दबलं की चाकं आपोआप वळतात आणि सर्व्होला ती धरून ठेवायला सतत जोर लावावा लागतो.

इथवरचा क्रम पुन्हा एकदा, म्हणजे टेबलावर बसल्यावर शोधायला नको: ब्राउनआउट आहे का ते स्टिअरिंग हलवून ओळखा, व्होल्ट मोजा, बीईसीची सोय करा. मग चाक दाबून कच्चा दुवा शोधा, सेव्हरच्या जागी हॉर्न लावा, लिंक सोडून नकल मोकळी आहे का बघा. त्यानंतर सेटिंग. उलट क्रमाने गेलात तर एंड पॉइंट दोनदा लावावे लागतील, कारण सेव्हर असताना लावलेले एंड पॉइंट हॉर्न लावल्यावर चुकतात.

सेटिंगमध्ये पहिलं काम म्हणजे हॉर्न लावण्याआधी ट्रान्समीटरचा ट्रिम आणि सबट्रिम (सर्व्होचा मध्य थोडा इकडेतिकडे सरकवायच्या सेटिंग) शून्यावर आणायचा आणि ट्रक चालू करायचा. सिग्नल मध्यावर आला, म्हणजे पल्स १.५ मिलिसेकंदाची झाली, की सर्व्हो आपल्या खऱ्या मध्यावर उभा राहतो. तेव्हा हॉर्न लिंकला काटकोनात येईल असा बसवायचा. दातांमुळे अगदी नेमका काटकोन मिळत नाही. २५ दातांना एक दात म्हणजे १४.४ अंश. उरलेला थोडा फरक सबट्रिमने काढा, आणि चाकं सरळ करायला लिंकची लांबी फिरवा. सगळं सबट्रिमवर ढकललं तर एका बाजूला हालचाल कमी पडते.

मग एंड पॉइंट. दोन्ही बाजू ५० टक्क्यांवर आणा, चाकं अधांतरी ठेवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे धरा आणि टक्के एकेक करून वाढवा. नकल ॲक्सलच्या स्टॉपला टेकते त्या क्षणी सर्व्होचा आवाज बदलतो, बारीक किणकिण जाऊन जाड घुंऽऽ सुरू होतो. तिथून दोन-तीन टक्के मागे या. आवाज थांबला पाहिजे. मग उजवी बाजू वेगळी लावा; दोन्हीकडचा आकडा सारखा येईलच असं नाही आणि तो सारखा करायचा अट्टहासही नको. तुम्ही ‘घुंऽऽ करत राहतो’ लिहिलंय, त्यातला काही भाग इथलाच असणार. चाक स्टॉपला टेकलंय आणि सर्व्हो अजून पुढे जायला धडपडतोय, म्हणजे दगड नसतानाही तो स्टॉलमध्ये आहे, बीईसी रिकामा करतोय आणि स्वतः तापतोय. दहा मिनिटं चालवून सर्व्होच्या पाठीला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर एंड पॉइंट परत बघा. मध्यावर उभा असताना डिजिटल सर्व्हो जी हलकी किणकिण करतो, ती मात्र त्याची सवय आहे, तिच्या मागे लागू नका.

हे सगळं करूनही चाक वळलं नाही तर सर्व्हो बदलायचं बोला. तेव्हाही मी किलो पाहण्याआधी तीन गोष्टी बघेन. तुमच्या बीईसीच्या व्होल्टेजवर त्याचा जोर किती. गिअर कशाचे, पोलाद किंवा टायटॅनिअम चांगलं, ॲल्युमिनिअमचे दात लवकर झिजतात आणि मध्यावर प्ले येतो. आणि पाण्यात-चिखलात जाणार असाल तर तो खरंच जलरोधक आहे का. वेगाच्या मागे लागू नका. ६० अंशांना ०.१५ ते ०.२० सेकंद ट्रेल ट्रकला भरपूर झाले. ०.१० च्या आतले आकडे शर्यतीच्या गाड्यांसाठी ठीक, आणि बऱ्याचदा त्याच मोटरमधून वेग काढला की जोर कमी होतो. ब्रशलेस सर्व्हो तुमच्या बीईसीला झेपत असेल तर जास्त टिकतो, कारण घासणारे ब्रशच नाहीत. आकार मोजूनच मागवा, लो प्रोफाइल आणि स्टँडर्ड यांची माउंटची उंची वेगळी असते.

चालवण्याबद्दल एकच. दगडाला चाक टेकलेलं असताना उभ्या ट्रकचं स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नका. किंचित थ्रॉटल द्या, चाक पाव फेरी फिरलं की तेच स्टिअरिंग निम्म्या जोरात वळतं.

जुना प्लास्टिक गिअरचा सर्व्हो टाकू नका. ट्रकला दोन वेगांचा गिअरबॉक्स किंवा डिफ लॉकची सोय असेल तर शिफ्टसाठी तो पुरेसा आहे. तिथे मात्र सर्व्हो सतत एका टोकाला उभा राहतो, म्हणून एंड पॉइंट आणखी जपून लावा: शिफ्ट लिव्हर गिअरमध्ये पूर्ण बसला पाहिजे आणि त्यानंतर सर्व्हो गप्प झाला पाहिजे. बीईसीचं व्होल्टेज वाढवलं असेल तर त्याला त्या तारेवर लावू नका, तो ६ व्होल्टचाच आहे.